उमरावभाऊंची स्टेपनी

उमरावभाऊंच्या पायजम्याला दोन नाड्या असत.

ही गोष्ट मला कशी कळली ते आधी सांगतो. वारंगा फाट्यावर आमची भाड्याची खोली आणि त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान पाठीला पाठ लावून होतं. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची तार एकच. त्या तारेवर उमरावभाऊंचा पायजमा वाळत असे आणि त्याच्या नेफ्यातून चार टोकं लोंबत. माझी पत्नी सुधा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. डोळ्यांपुढे येईल ते मोजायची तिला सवय. दोन-तीन दिवस तिने ती टोकं मोजली आणि मग मला म्हणाली, "एकदा विचारा ना त्यांना. मला विचारता येत नाही आणि राहवतही नाही."

मी विचारलं. उमरावभाऊ जराही अवघडले नाहीत.

"दोन नाड्या हायत, सर. एक तुटली तर दुसरी हाय न्हाई का. एकाच्या भरवशावर राहू न्हाई."

"आजवर कधी तुटली?"

"न्हाई तुटली. दोन हायत म्हणून तर न्हाई तुटली. एकटीवर ताण येत न्हाई ना."

त्यांच्या बोलण्यात असं एक ठिकाण नेहमी येई, तिथपर्यंत आपण त्यांच्याबरोबर नीट चालत येतो आणि मग नुसते उभे राहतो.

या नाड्यांनी त्यांना एकदाच दगा दिला. जवळच्या बंजारा तांड्यावरच्या एका लग्नात पोटभर जेवण झाल्यावर दोन्ही गाठी एकमेकींत अडकल्या. ते पोट धरून फाट्यापर्यंत पळत आले. त्यांच्या शेजारी रशीदभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. रशीदभाईंनी ट्यूब कापायच्या कात्रीने दोन्ही नाड्या एकदम कापल्या आणि म्हणाले, "एकच रहती तो हात से खुलती थी, उमराव." उमरावभाऊंनी दुसऱ्या दिवशी नव्या दोन नाड्या आणल्या, एक पांढरी आणि एक लाल, म्हणजे गाठी ओळखू याव्यात.

उमरावभाऊ जाऊन आता वर्ष होत आलं. सुधाला जाऊन त्याहून बरीच वर्षं झाली. दोघांविषयी एकत्र लिहावं असं पुष्कळ दिवस मनात होतं, पण माझं लिहिणं सावकाश. चार ओळी लिहितो, उठतो, खिडकीशी जातो. हल्ली त्यांची आठवण झाली की आधी हसू येतं आणि बाकीचं मागून, ते फार न छळता. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आम्ही फाट्यावर राहायला गेलो तेव्हा हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. मी कळमनुरीला एका कॉलेजात ग्रंथपाल, आणि सुधाची शाळा फाट्यापासून दोन-अडीच किलोमीटरवरच्या तांड्यावर. नांदेडहून येणारा रस्ता इथे फुटतो, एक हिंगोलीकडे आणि एक हदगाववरून थेट नागपूरकडे. त्यामुळे ट्रकांना खंड नाही. उमरावभाऊ त्याच तांड्यावरचे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुख हिंडलेले, वडील कोरडवाहू शेतीत रमलेले, आणि हे चौथीतून शाळा सोडून ट्रकवर क्लीनर झाले. क्लीनर असताना एकदा घाटात टायर फुटला, आणि ड्रायव्हरने वर पाहिलं तर स्टेपनी नव्हती. ती आदल्या मुक्कामी कुणीतरी उतरवून नेली होती. दोन दिवस ते दोघे त्या ट्रकखाली बसून होते.

"दोन दिवस इचार करायला मिळाला, सर," ते सांगत. "म्हटलं, अख्खी गाडी बराबर हाय. इंजन बराबर, माल बराबर, ड्रायव्हर बराबर. एका चाकापायी समदं बसून राहिलं. तवापासून ठरवलं."

जे ठरवलं ते त्यांनी फारच मनावर घेतलं. दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. दोन्हींत चार मिनिटांचा फरक पडे. मी विचारलं, यांतलं खरं कोणतं धरायचं? ते म्हणाले, "मधलं." आणि खरोखर ते दोन्ही हात समोर धरून, ओठ हलवत, मधली वेळ काढत आणि आपल्याला सांगत. तोवर एसटी निघून जाई. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले की नारळ दोन न्यायचे, एक कुजका निघाला तर देवापुढं शोभा नको म्हणून. दोन्ही चांगले निघाले की मात्र त्यांचा चेहरा जरासा पडे. आपण उगीच शंका घेतली असं वाटत असावं.

त्यांनी पुतणीच्या बारशाची पत्रं धाडली तेव्हाची हकीकत फाट्यावर पुढे कितीतरी वर्षं सांगितली जायची. पोस्टात एखादं पत्र गहाळ होतं म्हणून त्यांनी प्रत्येक पाहुण्याला तेच पत्र दोनदा धाडलं. "येत्या रविवारी लेकराबाळांसह यावे." पुसेगावच्या पाहुण्यांना पहिलं पत्र रविवारच्या आधी मिळालं, दुसरं रविवारच्या नंतर. ती माणसं इमानदारीने दोन्ही रविवारी आली. दुसऱ्या रविवारी दारात बैलगाडीभर माणसं पाहून घरच्यांचे चेहरे उतरले. उमरावभाऊंनी निवांतपणे पुन्हा चूल पेटवायला सांगितली. पोरीला पुन्हा पाळण्यात घातलं, पुन्हा तेच नाव कानात सांगितलं. "चांगलं झालं," ते म्हणाले. "नाव पक्कं बसलं."

असा माणूस संगणकाकडे वळला आणि तिथे त्याला आपल्या जातकुळीचं काही सापडलं, ही खरी हकीकत.

टेपरेकॉर्डर मागे पडू लागले तसे उमरावभाऊंनी कुठल्याशा कार्यालयाने मोडीत काढलेले दोन संगणक आणले आणि त्या दोघांचा मिळून एक चालता केला. एका मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या एका सिस्टिमची, सीडी त्यांना नांदेडला कुणीतरी दिली. दुसऱ्या नेहमीच्या सिस्टिम त्यांना आवडत नसत. "चालू केलं की चित्र दाखवते आणि गप बसते," ते म्हणायचे. "आत काय करून राहिली, काई सांगत न्हाई. ही बघा कशी सगळं सांगते." लिनक्स सुरू होताना काळ्या पडद्यावर ओळींमागून ओळी सरकत जायच्या आणि प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला हिरव्या अक्षरांत 'ओके' उमटायचं. उमरावभाऊंना इंग्रजी अक्षर जोडून वाचावं लागे, पण ओके त्यांना येत होतं. ते बोट ठेवून प्रत्येक ओके मोठ्याने म्हणत. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी हा कार्यक्रम चुकत नसे. हजेरी पुरी झाली की मान डोलवून म्हणत, "समदे आले."

कॉलेजच्या ग्रंथालयात लिनक्सवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक कुणी हात न लावता पडून होतं. ते मी माझ्या नावावर काढून त्यांना आणून दिलं. संध्याकाळी दुकानाच्या बाकावर बसून मी त्यातलं एकेक पान मराठीत सांगायचो आणि ते ऐकायचे. त्यातलं मला निम्मं कळत नसे. त्यांना माझ्या सांगण्यातलं निम्मं कळे. पण दोघांच्या निम्म्याची बेरीज करून मशीन चाललं होतं.

एके दिवशी 'रेड'चं प्रकरण आलं. दोन हार्ड डिस्क जोडायच्या, आणि एकीवर जे लिहिलं जाईल ते तिथल्या तिथे दुसरीवरही लिहिलं जाईल, अशी व्यवस्था. वेगळं यंत्र लागत नाही, लिनक्सच ते काम करतं. एक डिस्क गेली तरी दुसरी आहे. मी हे वाचून दाखवलं आणि वर पाहिलं, तर उमरावभाऊंचे डोळे पाणावले होते.

"पुन्हा वाचा, सर," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"म्हणजे हे लिहिणाऱ्याचीबी गाडी घाटात बसली व्हती," ते म्हणाले.

दुसरी डिस्क त्यांनी कुठून मिळवली मला ठाऊक नाही. महिन्याभरात जोडी लागली. पहिल्या डिस्कला ते थोरला डबा म्हणत, दुसरीला धाकटा. गिऱ्हाइकांना सांगत, "इकडं 'क' दाबला की दोघांच्याबी पाटीवर 'क' उमटतो. एकानं पाहून लिहिलं असं न्हाई, दोघंबी ऐकून लिहितात."

आता सुधाच्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

तांड्यावरची मुलं पहिलीत येत ती घरची गोरमाटी बोली घेऊन. पुस्तकात भाकरीचं चित्र दाखवलं की ती म्हणत 'बाटी'. आईचं चित्र दाखवलं की 'याडी'. मूल बरोबर सांगत असे आणि शिकवणाऱ्याला ते कळत नसे. नव्या शिक्षकांना वाटायचं, मूल मंद आहे. सुधाने मुलांनी उच्चारलेले शब्द चिठ्ठ्यांवर टिपायला सुरुवात केली. तांड्यातला शब्द, पुस्तकातला शब्द. पुढे येणाऱ्या शिक्षकांच्या हातात पहिल्या दिवशीच असं एक पुस्तक असावं, एवढीच तिची इच्छा. चिठ्ठ्या एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठत गेल्या. दुपारी शाळा सुटली की ती उमरावभाऊंच्या दुकानात येऊन त्यातल्या वीस-पंचवीस संगणकावर चढवी. मराठी अक्षरं पडद्यावर उमटावीत म्हणून उमरावभाऊंनी दोन महिने खटपट केली होती, आणि सुरुवातीला वेलांट्या अक्षरापासून हातभर लांब पडायच्या.

दुकानात तिच्यासाठी पाठीची खुर्ची असे. तिच्या वेळेला दुसऱ्या कुणाला मशीन मिळत नसे. एकदा एक ट्रक-मालक आपलं बिल टाइप करून घ्यायला अडून बसला, तर उमरावभाऊ म्हणाले, "बाईंचा तास चालू हाय. तुमी भाईर बसा."

जोडी लागली त्या दिवशी त्यांनी सुधाला मोठ्या थाटात सांगितलं, "बाई, आता त्या चिठ्ठ्या फाडून टाका. उंदीर खाणार, नाहीतर वाळवी. इथं दोन दोन डबे हायत. माझी जबान हाय."

सुधाने चिठ्ठ्या फाडल्या. त्यानंतर तर ती मुलांचे शब्द पाटीवर लिहून आणायची, चढवायची आणि पाटी पुसायची. कागदावर काही राहिलं नाही. पुस्तक पुरं झालं की एकदमच छापून काढू, असं ठरलं होतं.

उमरावभाऊ जोडीची तपासणीही करत. दर अमावास्येला. फाट्यावरच्या ड्रायव्हरांची तशी रीतच होती. अमावास्येला गाडी धुवायची, लिंबू-मिरची बदलायची, स्टेपनी खाली उतरवून तिच्यावर लोखंडी सळई वाजवून हवा बघायची आणि पुन्हा टांगायची. उमरावभाऊ त्याच दिवशी मशीन धूत म्हणजे फडक्याने पुसत, धाकटा डबा बाहेर काढून उलटसुलट पाहत, त्याच्याविना मशीन सुरू करत. ते सुरू होई. हजेरी पुरी होई. मग धाकट्याला पुन्हा बसवत, आणि तो थोरल्याकडून सगळं नव्याने उतरवून घेऊ लागे. किती टक्के उतरलं त्याचा आकडा पडद्यावर दिसे. तो शंभरावर जाईपर्यंत उमरावभाऊ स्टुलावर बसून राहत, लेकराचा अभ्यास घेणाऱ्या बापासारखे.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. का ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

सुधा आजारी पडली ती पावसाळ्याच्या शेवटी. नांदेडच्या दवाखान्यात तीन महिने गेले. तिथे एकदा ती म्हणाली, "झाडांची नावं राहिली हो. मुलांना किती येतात, आणि मी घेतलीच नाहीत." त्यानंतर पुस्तकाचा विषय आमच्यात निघाला नाही, आणि ती गेली.

मी फाट्यावरच राहिलो. बदली मागितली असती तर मिळाली असती, पण मागायचा अर्ज लिहायला बसलो की हात चालत नसे. दुकानात जात होतो, बाकावर बसत होतो, पण सुधाच्या शब्दांच्या फायलीचं नाव मी काढलं नाही. उमरावभाऊंनीही काढलं नाही. दुपारी दुकान तासभर बंद असे, ते मला माहीत होतं. जेवत असतील असं मी धरून चाललो.

दीड वर्ष गेलं. जूनमध्ये तांड्याच्या शाळेवर नवीन बाई आल्या. अगदी तरुण, लातूरकडच्या. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, मुलं बोलतात ते मला समजत नाही. मी बोलते ते त्यांना समजत नाही. सुधाबाईंनी काहीतरी लिहून ठेवलंय, असं तांड्यावर सांगतात. मिळेल का?"

मी त्यांना घेऊन दुकानात गेलो. उमरावभाऊंनी हात पुसले आणि मशीनचं बटण दाबलं.

आतून एक आवाज आला, दळताना जात्यात खडा यावा तसा. मग काहीच नाही.

आदल्या दिवशी वीज तीन वेळा गेली-आली होती. थोरला डबा त्यात गेला असावा. उमरावभाऊ घाबरले नाहीत, उलट मला त्यांचा चेहरा थोडा उजळल्यासारखा वाटला. सगळं आयुष्य ज्या प्रसंगाची तयारी केली तो एकदाचा आला होता. "बाई, बसा," ते नव्या शिक्षिकेला म्हणाले. "थोरला गेला. धाकटा हाय." त्यांनी थोरल्याला सोडवून बाजूला ठेवलं, धाकट्याला त्याच्या जागी बसवलं आणि बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली. मी ती वाचली. मशीन उठवू शकेल असं इथे काही सापडत नाही, असा तिचा अर्थ होता.

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. केबल बदलली. पुन्हा तीच. नव्या बाई पाऊण तासाने अवघडून उठल्या आणि उद्या येते म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तीच ओळ. तिसऱ्या दिवशी उमरावभाऊंनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. मी वाकून आत गेलो तर ते जमिनीवर बसले होते आणि दोन्ही डबे पुढ्यात होते.

"सर," ते म्हणाले, "मी बाईला चिठ्ठ्या फाडायला लावल्या."

मी त्यांच्याजवळ बसलो. सुधाने लिहिलेलं गेलं असेल तर ते मी कधीच वाचलं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा टोचलं.

शटरखालून रशीदभाई डोकावले. हातात टायर काढायची पहार होती. "क्या हुआ रे, तीन दिन से धंदा बंद?"

उमरावभाऊंनी त्यांना सगळं सांगितलं. रशीदभाईंना संगणकातलं काही कळत नव्हतं, पण स्टेपनी कळत होती. ते ऐकून घेऊन म्हणाले, "हर अमाऊस कू तू इस छोटे कू निकालता था ना? बजाके देखता था?"

"हां."

"कबी चढाके देखा क्या? बडे कू निकालके, अकेले इसके ऊपर गाडी चलाया?"

उमरावभाऊ म्हणाले, "चालतं चाक कोण काढतं, भाई? बराबर चालून राहिलं त्याला काहून हात लावायचा?"

"फिर तेरेकू कैसा मालूम, चलती करके?" रशीदभाई म्हणाले. "हवा भरी है तो भरी है. नट के छेद मिलते क्या, ये चढाए बगैर नै समजता."

आणि ते पहार घेऊन निघून गेले, कारण बाहेर एक ट्रक हॉर्न देत होता.

मी ते जाड पुस्तक काढलं. 'रेड'चं प्रकरण पहिल्यापासून वाचायला लागलो, या वेळी एकही ओळ न सोडता. तिसऱ्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक टीप होती. मशीन उठवणारा एक बारीकसा तुकडा डिस्कच्या अगदी सुरुवातीला असतो. मशीन चालू झालं की तो बाकीच्यांना हाक मारतो. जोडी लागते ती डिस्कमधल्या कप्प्यांची. हा तुकडा कप्प्यांच्या बाहेर, उंबऱ्यावर असतो, आणि तो आपोआप दुसरीकडे उतरत नाही. दोन्ही डिस्कांवर तो आपल्या हाताने वेगळा लिहावा लागतो.

ती टीप काही वर्षांपूर्वी मीच गाळली होती. अंधारून आलं होतं, अक्षर बारीक होतं, आणि मी पान उलटलं होतं. ग्रंथपालाने तळटीप गाळली.

मी त्यांना ते सांगितलं, माझ्या चुकीसकट. उमरावभाऊंनी ते फक्त अर्धंच ऐकलं.

"म्हणजे धाकट्याला समदं पाठ हाय?"

"सगळं असायला हवं."

"फक्त उठायचं कसं, ते ठाव न्हाई."

"हो."

त्यांनी धाकटा डबा उचलून सदऱ्याने पुसला. "असू द्या, सर. तुमचीबी चूक न्हाई, अक्षर बारीक व्हतं. आणि ह्याचीबी न्हाई. ह्याच्यावर कधी वेळच आली न्हाई ना. रोज थोरलाच उठवायचा."

त्या दीड वर्षात मीही सकाळी सातपर्यंत आढ्याकडे पाहत पडून राहत होतो. ते मी त्यांना सांगितलं नाही, पण धाकट्या डब्याविषयी मला फार आपुलकी वाटली.

पुढचं काम दोन तासांचं होतं. मासिकातली ती जुनी सीडी घालून तिच्या आधाराने मशीन उठवायचं, धाकट्याचे कप्पे उघडायचे, आणि उठवणारा तुकडा त्याच्या उंबऱ्यावर लिहायचा. मी पुस्तकातलं एकेक अक्षर सांगत होतो, उमरावभाऊ एका बोटाने दाबत होते. मध्ये एकदा थोरल्याच्या नावाने आज्ञा जाणार होती, ती त्यांनी स्वतःच पकडली. शेवटी सीडी काढली. बटण दाबायला ते तयार होईनात. मला म्हणाले, तुमी दाबा.

मी दाबलं.

काळ्या पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. पहिला ओके आला. उमरावभाऊंनी बोट उचललं आणि माझ्याकडे पाहिलं, म्हणून मीच म्हणालो, "ओके." मग दोघे मिळून म्हणत गेलो. जोडीतला एक जण नाही, अशी तक्रार एका ओळीत आली, आणि तरीही मशीन पुढे चालत राहिलं. रशीदभाई कपाळावरचा घाम पुसत दारात येऊन उभे राहिले. शेवटची ओळ आली तेव्हा ते म्हणाले, "चढ गई क्या?"

"चढली," उमरावभाऊ म्हणाले, आणि त्यांनी शटर पूर्ण वर केलं.

मी खुर्चीवर बसलो. सुधाची फाईल उघडली. तिने चार रकाने केले होते. तांड्यातला शब्द, पुस्तकातला शब्द, एक वाक्य, आणि शेवटच्या रकान्यात हा शब्द कुणी आणला त्या मुलाचं नाव आणि इयत्ता. शब्द ज्याचा त्याचं नाव त्याच्यासमोर पाहिजे, असा तिचा आग्रह दिसत होता. वनिता, इयत्ता पहिली. देविदास, इयत्ता दुसरी. मी सावकाश खाली येत गेलो. भांडी, नाती, जनावरं, अंगावरचे दागिने, पाऊस, ताप-खोकला. तिच्या हातची वाक्यं साधी असत, आणि प्रत्येकात कुणीतरी कुणासाठी काहीतरी करत असे. मग ती जिथे थांबली असणार ते ठिकाण आलं.

फाईल तिथे संपत नव्हती. पुढे झाडं होती.

तीन पानं झाडं. बांधावरची, ओढ्यातली, माळावरची. फळं खायची, डिंक काढायची, काटे मोडणारी. आणि प्रत्येकासमोर शेवटच्या रकान्यात एकच नाव होतं. उमराव, इयत्ता पहिली. उमराव, इयत्ता पहिली. पान सरलं तरी तेच.

मी मागे वळून पाहिलं. उमरावभाऊ थोरल्या डब्याचे स्क्रू एका वाटीत गोळा करत होते.

"बाईंनी दवाखान्यातून निरोप धाडला व्हता," ते वाटीकडे बघत म्हणाले. "झाडं राहिली म्हणून. मला ठाव व्हती समदी. पहिलीत असतानाच ठाव व्हती. गुरुजींनी चित्र दाखवलं, मी आमच्यातलं नाव सांगितलं. ते म्हणाले, असं न्हाई म्हणत. मग मी म्हणायचंच सोडलं." वाटी काउंटरवर ठेवून त्यांनी विचारलं, "लेकरांच्या यादीत मोठ्या माणसाचं नाव चालतं का, ते बाईंना इचारायचं राहिलं. चालत नसंल तर काढून टाका."

मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एका झाडासमोर त्यांनी वाक्य लिहिलं होतं : 'शाळा सुटेपर्यंत मी या झाडाखाली बसत होतो.'

"पहिलीतल्या मुलाचं चालतं," मी म्हणालो.

आठवड्याभरात पुस्तक कागदावर उतरलं. नव्या बाई ते दप्तरात घालून शाळेत नेऊ लागल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी त्या एकदा फाट्यावर एसटीची वाट पाहत उभ्या होत्या. मला पाहून जवळ आल्या. चेहऱ्यावर आता पहिल्या आठवड्यातली भीती नव्हती.

"सर, एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "पुस्तकातली सगळी मुलं मी शोधून काढली. काही वरच्या वर्गात गेलीत, एक-दोघींची लग्नं झालीत. पण हा उमराव काही सापडत नाही. पटावर नाही, मागच्या पटावरही नाही. सगळी झाडं त्या एकट्याला येतात. फार हुशार मुलगा दिसतो. सध्या कुठे असतो?"

उमरावभाऊ दुकानात काउंटरवर वाकून कुणाचा तरी रेडिओ उघडत होते. मी तिकडे बोट दाखवलं.

"तो काय," मी म्हणालो. "तुम्ही एकदा विचारून बघा त्याला. आता सांगतो."